गिअर केव्हा पडावा : एक सोलापुरी मीमांसा

डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ओढ देणारी, स्वयंचलित गिअरची आणि वयाने पंचविशी ओलांडलेली मोटार सोलापुरातल्या एखाद्या गॅरेजात उभी राहते, तेव्हा तिच्याविषयीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मांडली जाते आणि ते वाक्य "गिअर उशिरा पडलालंय बे" असे असते. गाडीने वेग घेतला की अशा मोटारीचा गिअरबॉक्स आपण होऊन पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. हा बदल ज्या वेगाला घडतो त्याला अभियंते गिअर-बदलाचा बिंदू म्हणतात आणि गॅरेजात त्यालाच गिअर पडणे म्हणतात. उशिरा म्हणजे कशापेक्षा उशिरा, असा प्रश्न मिस्त्रीने विचारताच मालक जे उत्तर देतो, चालक मालकाच्या पाठीमागून मान हलवून जे सुचवतो आणि बाकावर चहा पीत बसलेला त्रयस्थ न विचारता जे सांगतो, त्या तिन्ही उत्तरांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो, ही या विषयाच्या अभ्यासकाने पहिल्याच पायरीवर लक्षात घेण्याची गोष्ट आहे.

साध्या, म्हणजे हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत हा वाद उद्भवत नाही. तिथे चालक दिवसभरात शेकडो वेळा चुकीच्या वेगाला गिअर टाकतो, पण प्रत्येक चूक स्वतंत्र असते, क्षणभर टिकते आणि पुढच्या गिअरबरोबर विसरली जाते. स्वयंचलित गाडी हीच चूक कायमची नेमून देते. ती रोज त्याच चढावर, त्याच वेगाला, त्याच आवाजासह घडते, आणि ज्या अर्थी ती यंत्राने केलेली असते त्या अर्थी तिच्याविषयी मत बाळगण्याचा अधिकार घरातल्या सर्वांना, ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनाही, समान प्राप्त होतो. चालकाचा डावा हात मोकळा व्हावा म्हणून जे यंत्र तयार झाले, त्याने भांडण संपवले नाही. ते गिअरच्या दांड्यावरून काढून मिस्त्रीच्या पान्याच्या टोकावर नेऊन ठेवले.

हे यंत्र समजून घेतल्याखेरीज वादाची खोली कळत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये साध्या गाडीत क्लच असतो. स्वयंचलित गाडीत तिथे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाने भरलेला एक बंद गोल डबा असतो, ज्यात इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ सालची, आणि ती मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी सुचलेली, त्यामुळे ज्या सोलापूरला समुद्र शेकडो मैलांवर आहे तिथे सात रस्त्याच्या चौकात थांबलेली प्रत्येक स्वयंचलित गाडी अंशतः नौकानयन करत असते. डब्याच्या मागे ग्रहगिअरांचे संच येतात. मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेरून वेढणारे कडे, अशी त्यांची रचना असून यांपैकी कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे यावर गिअर ठरतो. गाडी घरी आणताना ज्या कुटुंबात पंचांग पाहिले जाते, त्या कुटुंबाला पायाखाली ग्रहमाला सतत फिरत असून ती घडीघडीला दशा बदलते, ही माहिती सहसा दिली जात नाही. स्वयंचलित गिअरपेट्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकने सुरू झाले, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती प्रथम बसली, आणि पाठोपाठ तीच पेटी महायुद्धातील हलक्या रणगाड्यांतही गेली.

धरायचे-सोडायचे कोणी ठरवायचे, हा मुख्य प्रश्न. जुन्या पेटीत संगणक नसतो. तिथे बोटभर लांबीच्या धातूच्या झडपा असतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना तेलाचा दाब असतो. एका टोकाचा दाब गव्हर्नरकडून येतो. गव्हर्नर म्हणजे फिरत्या दांड्यावरची अशी वजने, जी वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढवतात. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने हीच युक्ती १७८८ मध्ये वापरली होती, आणि १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून ज्या शहराच्या कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या, यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायला शिकल्या, त्या शहराला गव्हर्नर नवा वाटण्याचे कारण नाही. झडपेच्या दुसऱ्या टोकाला स्प्रिंग आणि एक्सलेटरच्या प्रमाणात येणारा दाब असतो. चाकाचा वेग एका बाजूने म्हणतो, "बदल", पाय दुसऱ्या बाजूने म्हणतो, "थांब, अजून ओढायचे आहे." रस्सीखेचीत ज्या क्षणी चाक जिंकते त्या क्षणी झडप सरकते आणि पुढचा गिअर पडतो. पाय हलका असेल तर चाक लवकर जिंकते, पाय जड असेल तर उशिरा, आणि पाय तळापर्यंत दाबला तर पडलेला गिअरसुद्धा एक पायरी मागे येतो, ज्याला किकडाउन म्हणतात आणि ओव्हरटेक करताना ज्याच्या विलंबाला चालक निराळीच नावे देतात.

पायाचा निरोप पेटीपर्यंत कसा न्यायचा, इथे डिझेल इंजिन अडचण निर्माण करते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे इंजिनावर ओझे किती आहे हे आतल्या निर्वात दाबावरून ओळखता येते. डिझेल इंजिन हवा नेहमीच पोटभर घेते आणि केवळ इंधन कमीजास्त करते, म्हणून तिथे हा दाब बोलत नाही. उपाय म्हणून डिझेल पंपाच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल नेलेली असते. १९९० साली आलेल्या आणि भारतात आयात होऊनच मोजक्या संख्येने पोहोचलेल्या टोयोटाच्या लँड क्रूझर ८० या मालिकेतील स्वयंचलित डिझेल गाड्यांत अशी केबल आहे, आणि या लेखातील सर्व कलह त्या केबलच्या एका मिलिमीटरात मावतो. एक्सलेटर पूर्ण दाबून धरला असता केबलवरचा छोटा धातूचा मणी आणि रबरी टोपीचे टोक यांत शून्य ते एक मिलिमीटर अंतर राहावे, असा नियम आहे. अंतर साधण्यासाठी दोन नट असतात, एक सैल करायचा, दुसरा आवळायचा. अडीच टनांच्या आसपास वजनाच्या गाडीच्या स्वभावाची गुरुकिल्ली इतकी लहान असावी, हे मालकाला पटत नाही, आणि तिची मजुरी इतकी असावी हे तर मुळीच पटत नाही.

केबल ताणली की पायाचा निरोप वाढवून सांगितला जातो. गिअर उशिरा आणि ठसक्यात पडतात. केबल सैल केली की गिअर लवकर आणि अलगद पडतात, गाडी गुळगुळीत वाटते, आवाज कमी होतो, आणि मालक प्रसन्न होतो. दुर्दैव असे की, अशा बहुतेक पेट्यांत याच केबलच्या इशाऱ्यावर आतल्या क्लच प्लेटांना एकमेकींवर दाबून धरणाऱ्या तेलाचा दाबही ठरतो. निरोप कमी गेला तर दाब कमी, दाब कमी तर प्लेटा पूर्ण चिकटण्यापूर्वी घसरतात, आणि ज्याला मालक गुळगुळीतपणा म्हणून गौरवतो तो वस्तुतः प्लेटा जळण्याचा आरंभ असतो. जी गाडी आयुष्यात सर्वांत सुखाने चालते ती बरेचदा महिन्याभरात पेटी उघडायला येते, आणि तिचा मालक "कालपर्यंत लोण्यासारखी चालत होती" असे जे सांगतो त्यात तिळमात्र असत्य नसते.

या पार्श्वभूमीवर गॅरेजातील मतांचे परीक्षण करता येते. मालक चालकाच्या शेजारी बसतो, त्याचा एक डोळा डिझेलच्या काट्यावर असतो, आणि त्याच्या मते गिअर जितक्या लवकर पडेल तितका बरा. ॲव्हरेज हे त्याचे प्रमाण. चालकाच्या मते गिअर उशिरा पडावा, कारण पिकअप हा वरच्या फेऱ्यांत असतो. ही समजूत पेट्रोल गाड्यांवरून आलेली आहे. लँड क्रूझरच्या ४.२ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची सर्वाधिक फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, मिनिटाला अवघ्या १,८०० फेऱ्यांना मिळते, त्यामुळे त्यापुढे फार काळ गिअर धरून ठेवला तर मुख्यतः आवाजच वाढतो. चालकाला हे ठाऊक नसते असे नाही. परंतु आवाज हाही पिकअपचा एक प्रकार आहे, अशी त्याची धारणा असते. मागच्या आसनावरील ज्येष्ठ स्त्रीवर्गाला दोन्ही मतांत रस नसून झटका बसता कामा नये एवढीच त्यांची अट असते, आणि मांडीवरच्या डब्यात शेंगाचटणी व तेल एकत्र असल्यामुळे या अटीला वाहनशास्त्रातील अनेक प्रमेयांपेक्षा अधिक वजन प्राप्त होते. मिस्त्रीचे मत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी शब्दांत येते. "मालक, आधी ऑइल बघू," एवढे म्हणून तो बॉनेट उचलतो.

तो बरोबर असतो. केबलला पाना लावण्यापूर्वी तेल पाहायचे असते, आणि तेही इंजिनाच्या तेलासारखे थंड गाडीत नव्हे, तर गाडी चालवून गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, दांडा पी, म्हणजे पार्किंगमध्ये टाकून. कारण हे तेल तापले की फुगते आणि थंडपणी केलेले माप खोटे ठरते. नवे तेल लाल असते. ते तपकिरी होऊन जळका वास देऊ लागले असेल तर केबलचा विषय संपलेला असतो. सोलापूरच्या वैशाखात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तेल गरम कसे करावे हा प्रश्न मात्र पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंख्यांच्या वेगात जो फरक राहतो त्याची उष्णता होते, आणि हा फरक गाडी रेंगाळते तेव्हा सर्वांत जास्त असतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा जवळपासच्या रस्त्यांवर अडकलेली स्वयंचलित गाडी ब्रेकवरचा पाय किंचित सैल होताच इंचाइंचाने पुढे सरकत राहते. नेमक्या या प्रसंगी साध्या गाडीचा चालक क्लच दाबून दाबून घामाघूम झालेला असतो आणि स्वयंचलित गाडीचा मालक शेजारच्याकडे पाहून वर्षातून एकदाच निर्भेळ समाधान अनुभवतो. तेलाला तेव्हा काय वाटते, हा प्रश्न तो जानेवारीच्या थंडीवर सोडून देतो.

परंतु गिअर-बदलाच्या प्रश्नाचे खरे क्षेत्र शहर नव्हे. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोहोळ, पंढरपूर, माढा, माळशिरस अशा सर्व दिशांच्या रस्त्यांवर उतरतात. ट्रॅक्टर ज्या वेगाने जातो तो स्वयंचलित पेटीच्या दृष्टीने अत्यंत कुटिल वेग आहे. त्यामागे जाणाऱ्या गाडीचा पाय हलका होतो, म्हणून वरचा गिअर पडतो. वरच्या गिअरात वेग किंचित उतरतो, म्हणून चालक पाय दाबतो. पाय दाबल्यामुळे गिअर खाली येतो, गाडी उसळी घेते, समोरची ट्रॉली अंगावर येते, म्हणून पाय पुन्हा उचलला जातो, आणि वरचा गिअर पडतो. या अखंड डळमळीला अभियंते शिकार करणे म्हणतात, कारण पेटी योग्य गिअरचा पाठलाग करते आणि तो हाती लागत नाही. उपाय सोपा आहे. गिअरच्या दांड्यावर ओडी, म्हणजे ओव्हरड्राइव्ह हा सर्वांत वरचा गिअर बंद करण्याचे एक बटण असते, ते दाबले की पेटी मुकाट तिसऱ्यात राहते. या बटणाचा उपयोग फार थोडे मालक करतात. वरचा गिअर पैसे मोजून घेतलेला असताना तो आपण होऊन बंद ठेवणे ही गोष्ट व्यवहारी मनाला रुचत नाही, आणि शिवाय बटण दाबताच समोर एक दिवा लागतो, जो पाहून मागच्या आसनावरून "काय बिघडलं?" अशी विचारणा होते.

महाराष्ट्रात हा विषय सार्वत्रिक का झाला नाही, याचे कारण बाजारात सापडते. १९९८ साली पुण्याहून आलेली टाटा सफारी फोर बाय फोरमध्ये मिळत असली तरी तिचे गिअर हातानेच टाकायचे होते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओला २००८ मध्ये सहा गिअरांची स्वयंचलित पेटी मिळाली, आणि ती ऑस्ट्रेलियातील डीएसआय या कंपनीची होती, जी पुढच्याच वर्षी आर्थिक संकटात सापडली आणि चीनच्या जीलीने विकत घेतली. नाशिकची गाडी, ऑस्ट्रेलियाची पेटी आणि चिनी मालक असा तिहेरी संगम घेऊन ती एमएच-१३ या सोलापुरी क्रमांकाने धावू लागली; मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच चौकात ऐकू येणाऱ्या गावाला त्यात अप्रूप वाटले नाही. मिस्त्रीवर्गाला मात्र धक्का बसला, कारण या पेटीत केबल नाही. इथे गिअर केव्हा पडावा हे संवेदकांच्या खबरीवरून संगणक ठरवतो. तिथे फिरवायला नट नसतो आणि म्हणून मत द्यायलाही जागा नसते. ही पोकळी समाजाने एका विधीने भरून काढली आहे. बॅटरीची वायर काढायची, अर्धा तास चहा घ्यायचा, वायर पुन्हा लावायची, आणि "आता बघा" म्हणायचे. या विधीनंतर गाडी सुधारल्याचे निदान सर्वांना वाटते.

केबलच्या गाडीत मात्र ट्रायल अटळ असते. त्यासाठी तुळजापूरचा रस्ता सर्वमान्य आहे, कारण सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांच्या या अंतरात बराच भाग सपाट असून शेवटी बालाघाटावर चढणारा घाट येतो, म्हणजे हलका पाय आणि जड पाय या दोहोंची परीक्षा एकाच फेरीत होते, देवीचे दर्शन घडते ते वेगळेच. कोजागरीच्या सुमारास मात्र ही ट्रायल करता येत नाही. त्या दिवसांत सोलापुरातून हजारो भाविक याच रस्त्याने पायी तुळजापूरला जातात, आणि गिअर-बदलाची तक्रार नसलेले त्या रस्त्यावरचे एवढेच प्रवासी होत. ट्रायलला मिस्त्री एकटा गेला तर तिचा निष्कर्ष ग्राह्य धरला जात नाही, म्हणून मालक बसतो. मालक बसला म्हणून चालक बसतो. घाट आहे म्हणून मालकाचे मेहुणेही बसतात. गाडीत चौघे बसले की वजन वाढते, वजन वाढले की पाय अधिक दाबावा लागतो, आणि गिअर आणखी उशिरा पडतो, जे पाहून "बघा, मी म्हणत नव्हतो?" असे मालक म्हणतो. तिसरा गिअर चाळीसला पडला की पंचेचाळीसला, यावर परतीच्या वाटेवर तामलवाडीपर्यंत एकमत होत नाही.

एकमत होते ते गॅरेजात गाडी पिटावर घेतल्यानंतर, आणि तेही अनपेक्षित मुद्द्यावर. मणी रबरी टोपीपासून हवा तेवढ्याच अंतरावर असतो, तेलही लाल असते, मिस्त्रीची नजर केबलवरून खाली उतरून चाकावर जाते आणि तो म्हणतो, "मालक, टायर मोठे घातलेत की." सोळा इंची रिमवर कंपनीने दिलेल्या २७५/७० च्या जागी रुबाबासाठी २८५/७५ चढवलेले असतात. त्यांचा व्यास पाच टक्क्यांहून थोडा अधिक असल्यामुळे एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, इंजिनाला ओढ जड जाते, गाडी उठत नाही म्हणून चालकाचा पाय खोल जातो, खोल पायाचा निरोप इमानदार केबल तसाच्या तसा पोहोचवते, आणि गिअर उशिरा पडतो. इतकेच नव्हे, काटासुद्धा पेटीच्या मागच्या दांड्यावरून वेग मोजत असल्याने कमीच दाखवत असतो. त्यामुळे चाळीस की पंचेचाळीस हा सबंध वाद ज्या आकड्यांवर झाला ते दोन्ही आकडे खोटे असतात, आणि पंचेचाळीसला पडलेला गिअर खरे तर सत्तेचाळीसला पडलेला असतो.

इथे मालकाने टायर बदलण्याचा सल्ला मागावा, अशी कोणाही तर्कनिष्ठ वाचकाची अपेक्षा असेल. मालक तसे करत नाही. तो क्षणभर थांबतो, मनात हिशेब मांडतो, आणि काटा ऐंशी दाखवतो तेव्हा आपली गाडी चौऱ्याऐंशीने पळत असते, हे त्याच्या ध्यानात येते. चालक तत्परतेने पुस्ती जोडतो की, किलोमीटरही कमीच पडत असतील, म्हणजे लिटरमागे दहा दाखवते तिथे साडेदहा देत असणार. मेहुणे यावर मान डोलावतात. गिअर उशिरा पडण्याची तक्रार त्याच जागी मागे घेतली जाते, केबलचे नट न फिरवताच बॉनेट बंद होते, आणि मजुरीचा विषय निघतो तेव्हा "पण तुम्ही केलं काय?" या मालकाच्या प्रश्नावर मिस्त्री हात पुसत "ॲव्हरेज वाढवून दिलं की, मालक" असे सांगून पैसे घेतो.